अकरा जणींची झोप

"मावशी, हात पुढे करा. घाबरू नका, चटका बसत नाही."

सौमित्र सरांनी माझ्या मनगटावर काळा रबरी पट्टा चढवला आणि बटण दाबलं. घड्याळासारखाच दिसत होता, पण त्याला काटे नव्हते. खालच्या बाजूला हिरवा उजेड लुकलुकत होता.

कोळंबी सोलायच्या शेडबाहेर पत्र्याच्या सावलीत आम्ही अकरा बायका ओळीने बसलो होतो. काम नुकतंच सुटलं होतं. हाताला बर्फाचा गारठा आणि कोळंबीचा वास, दोन्ही तसेच होते. सर मात्र पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. एकेकीचा हात हातात घेताना नाक मुरडत नव्हते, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं सांगते.

"सर, ह्यात माझा नवरा दिसल काय?" नामीने विचारलं. "रात्री कुठं असतो ते तरी कळल."

सगळ्या हसल्या. सरही हसले. मग त्यांनी खोक्यातून फोन काढले, प्रत्येकीला एक.

"पट्टा तुमची नाडी आणि हाताची हालचाल बघून झोप मोजतो," ते म्हणाले. "फोन उशाशी ठेवायचा. तो श्वासाचा आवाज ऐकतो, अंथरूण किती हललं ते बघतो, त्यावरून झोप मोजतो. सकाळी झोप हलकी झाली की हळूच गजर वाजवून उठवतो. पट्टा महाग, फोनमधलं फुकट. दोघांतलं कोण खरं सांगतं ते आमच्या कंपनीला बघायचंय. पंधरा दिवस फक्त."

"आणि आम्ही सांगितलं तर?" मी म्हटलं.

"काय?"

"आम्ही किती झोपलो ते आम्ही सांगितलं तर?"

"हां, ते पण आहे ना." त्यांनी एक वही काढली. पानापानावर रकाने छापलेले होते. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ. "कोणाला लिहिता येतं?"

दहा जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही घेतली.

मला लिहिता येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बावन्नाव्या वर्षी समाजमंदिरातल्या संध्याकाळच्या वर्गात मी 'चांगुणा' हे नाव पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याआधी माझा अंगठा होता. त्यामुळे वही हातात आली तेव्हा मला काय वाटलं असेल ते ज्यांनी लहानपणीच शाळा केली त्यांना कळायचं नाही. मी ती पदराने पुसली आणि पिशवीत सर्वांत वर ठेवली.

पण आमचं लक्ष ना पट्ट्यावर होतं, ना फोनवर. आमचं लक्ष टेम्पोवर होतं.

शेडचा टेम्पो आम्हाला न्यायला पहाटे तीनला यायचा. काम सुरू व्हायचं साडेपाचला, कारण कोळंबीची गाडी बंदरावरून यायचीच तेव्हा. मधला वेळ आम्ही शेडात उलट्या क्रेटवर बसून काढायचो. खाली ओलं, आडवं व्हायची सोय नाही, परवानगीही नाही. मग तीनला का आणायचं? तर त्याच टेम्पोला पुढे चार वाजता शेठच्या दुसऱ्या धंद्याची फेरी होती. टेम्पोच्या सोयीसाठी अकरा बायकांची झोप मोडत होती. आमच्या गावाला पाणी रात्री दहाला सुटायचं. पाणी भरून पाठ टेकेपर्यंत अकरा वाजत. अडीचला उठायचं. हिशेब करायला शाळा लागत नाही.

आणि त्या मार्गशीर्षात माझी सून पोशी बर्फ फोडायच्या मशीनपाशी उभ्या उभ्या पेंगली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. महिन्याने ती परत कामावर आली आणि आठ बोटांनी सोलायला शिकली.

तेव्हा आम्ही अकरा जणी शेठसमोर उभ्या राहिलो होतो. टेम्पो पाचला पाठवा, एवढंच मागणं. तांडेल शेठ ओरडणारा माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "झोप कमी पडते हे कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून?" मग त्याच्या भाच्याच्या ओळखीने हे सौमित्र सर आले. शेठ सगळ्यांसमोर बोलला, "मशीन सांगू दे. सहा तासांच्या खाली झोप निघाली तर दुसऱ्या दिवसापासून टेम्पो पाचला."

म्हणून आम्ही हात पुढे केले होते.

"एक लक्षात ठेवा," सर उठता उठता म्हणाले. "पट्टा अंगावेगळा करायचा नाही. आंघोळीलासुद्धा नाही. रिकामा राहिला की मशीन तसं दाखवतं, मग ते नाव चाचणीतून बाद करावं लागतं. फोन मात्र घरीच उशाशी ठेवा, इथे पाण्यात आणू नका. सगळ्यांना सकाळी सातचा गजर लावलाय."

"सातला?" हौसा म्हणाली. "सातला तर आम्ही..."

"ते नंतर बदलता येईल."

"आणि आम्ही कामावर असू तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा मशीनला कसं कळणार, आम्ही झोपलोय की काम करतोय?"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, मशीनला सगळं कळतं."

हे वाक्य मी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेडच्या दारात वैती सुपरवायझर आडवा उभा. "हातात काय ते? काढा. सोलायच्या हातात काय पण चालायचं नाय. बांगडी नाय, दोरा नाय, पट्टा नाय. माल परदेशी जातो. कोळंबीच्या खोक्यात रबराचा तुकडा निघाला तर तुमच्या बापाने भरायचाय काय दंड?"

"शेठनेच बांधायला लावलाय," नामी म्हणाली.

"शेठला जाऊन सांग मग. आत उघडे हात पायजेत."

अकरा जणी दारात खोळंबल्या. काढावा तर नाव बाद. अकरातली दोन-चार नावं बाद झाली तर शेठ म्हणणार, चाचणीच झाली नाही. न काढावा तर हजेरी बाद. पोशीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या. वहीवाली मी ना!

गेटजवळ एक खोली होती. तिथे बाया बसायची. सत्तरीपुढची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पूर्वी आमच्यातच सोलायची. दिसेनासं झालं तसं तिला तान्ही पोरं सांभाळायला ठेवलं. आमच्याच टेम्पोतून यायची आणि पोशीचं आणि आणखी एकीचं पोर कुशीत घेऊन उजाडेपर्यंत झोपायची.

सरांनी सांगितलं होतं, अंगावेगळा करायचा नाही. कोणाच्या अंगावेगळा, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी तेवढा विचारही केला नाही. मला वाटलं, पट्ट्याला माणसाचं अंग हवंय, ऊब हवीय. ज्या मशीनला झोप कळते, तिला बाया कोण आणि चांगुणा कोण हे कळणार नाही होय?

"हात दे बाये," मी म्हटलं.

सहा पट्टे डाव्या हातात, पाच उजव्या हातात. प्रत्येकीने आपल्या पट्ट्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, परत घेताना चुकायला नको म्हणून. बाया एकेक पट्टा चाचपत होती.

"हे काय गो घालतंस?"

"झोप मोजायचं मशीन."

"माझी?"

"आमची. तू नुसतं सांभाळ."

तिने दोन्ही हात वर करून हलवले. आवाज झाला नाही, रबरच ते. नवरा गेल्यापासून वीस वर्षं तिचे हात मोकळे होते. आमच्यात तशी रीत आहे, विधवेने चुडा भरायचा नाही.

"लग्नात पण एवढा चुडा नव्हता मना," ती म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसली.

पंधरा दिवस हे असं चाललं. पहाटे पट्टे बायाच्या हातात, दुपारी परत आमच्या हातात. फोन घरी उशाशी. आम्ही उठून गेलो की पोरं आमच्या उबेच्या जागेवर सरकायची आणि सातच्या गजराला आळस देत उठायची. नामीचा मुलगा तिला म्हणाला, "आये, तुझ्या फोनामुळं शाळेत वेळेवर जाया लागलो."

आणि दुपारी घरी परतताना टेम्पोत मी वही उघडायची. "हौसा, किती?" "अकरा ते अडीच." "नामी?" "साडेअकरा. नवऱ्याने भांडण काढला." टेम्पो हलायचा, अक्षर वाकडं व्हायचं, पण अकरा रकाने मी रोज भरले. एक दिवसही चुकले नाही.

सोळाव्या दिवशी काम सुटल्यावर शेडातच सगळे जमले. शेठ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. वैती त्याच्या मागे. सरांनी क्रेटवर लॅपटॉप ठेवला होता, शेजारी आमचे अकरा पट्टे आणि अकरा फोन मांडले होते. सरांचा चेहरा खुललेला. पोराला पहिला नंबर मिळाल्यावर दिसतो तसा.

"मी अशा सहा चाचण्या केल्या," ते म्हणाले, "पण इतकं जुळलेलं कुठे पाहिलं नाही. पट्ट्याप्रमाणे सरासरी झोप सात तास एकेचाळीस मिनिटं. मध्ये अडीचच्या सुमारास थोडी जाग दिसते, पण तेवढी मशीन झोपेतच धरतं. फोनप्रमाणे सात तास बावन्न. फरक फक्त अकरा मिनिटांचा! दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या पद्धती, आणि उत्तर एकच."

मला आधी कळलंच नाही. सात तास? कोणाची?

"आणि वही?" मी विचारलं.

सर जरा अवघडले. "वहीत साडेतीन तास येतात, मावशी. पण कसं आहे, वही म्हणजे माणसाची आठवण. शिवाय अकराच्या अकरा जणींचं एकाच अक्षरात लिहिलेलं आहे. असं असलं की ते ग्राह्य धरत नाहीत. म्हणून ती बाजूला ठेवली."

बाजूला म्हणजे क्रेटखाली. ओल्या फरशीवर. कोपरा भिजून फुगला होता.

शेठने मांडीवर हात आपटला. "मग झालं तर. सहाच्या वर पावणेदोन तास. मी शब्द पाळणारा माणूस आहे. कमी निघाली असती तर टेम्पो बदलला असता." मग पोशीकडे बघून म्हणाला, "आणि बोटांचं म्हणशील तर ती झोपेनं गेली नाहीत. लक्ष नसल्यानं गेली."

पोशीने हात पदराखाली घेतला.

तो पदराखाली जाणारा हात पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मी पुढे गेले, वाकून वही उचलली, पदराने पुसली.

"सर, पट्टा काय म्हणतो? आम्ही किती वाजता उठलो?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "साधारण... सहा चाळीस."

"कोण?"

"सगळ्याच."

"काल चांगुणा कितीला उठली?"

"सहा बेचाळीस."

"नामी?"

"सहा बेचाळीस."

"हौसा? पोशी?"

सरांनी बोट खाली खाली सरकवलं. सगळीकडे तोच आकडा होता. त्यांचं बोट थांबलं.

"तीन जणी ह्या वाडीत, पाच त्या वाडीत, तीन खाडीपलीकडे," मी म्हणाले. "अकरा बायका एकाच मिनिटाला डोळे उघडतात. तुम्हाला नवल वाटलं नाही?"

"मला वाटलं," सर हळू आवाजात म्हणाले, "पट्टे फार छान चाललेत."

"वैती, हजेरीचं पुस्तक आण. काल सहा बेचाळीसला आम्ही कुठं होतो ते शेठला दाखव. तुझ्याच अक्षरात हाय, ग्राह्य धरतील."

वैती हलला नाही. त्याला सगळं माहीत होतं. पंधरा दिवस तो बायाच्या खोलीवरून ये-जा करत होता. तिला 'काय नवरीबाय' म्हणून चिडवतही होता.

"मग पट्टे कुठे होते?" शेठने विचारलं.

आता बोलणं मलाच भाग होतं. युक्ती माझी होती. मी खोलीत गेले, बायाला हाताला धरून आणलं आणि तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. रबराखाली घाम साचून तिच्या सुरकुतल्या कातडीवर घामोळ्याच्या लाल रेघा उठल्या होत्या. कडी घातल्यासारख्या.

"मोजा," मी सरांना म्हटलं.

त्यांनी खरंच मोजल्या. डाव्या हातावर सहा. उजव्या हातावर पाच.

"माझं काय चुकलं काय गो?" बायाने विचारलं. तिला वाटलं, काहीतरी हरवलं आणि आळ तिच्यावर आलाय.

"तुझं काय नाय चुकलं, बाये. तू छान झोपलीस."

"म्हणजे फसवलंत!" वैती ओरडला. "शेठ, ह्यांनी फसवलं!"

नामी उसळली. "तुझ्या तोंडाला खाज सुटली काय रे? उघडे हात पायजेत म्हणून दारात आडवा कोण झालता? शेठचा बाप?"

"नामी, गप."

"का गप? फसवायचं असतं तर पट्टे म्हशीच्या शेपटीला बांधले असते. रात्रभर हलवत बसली असती, झोप निघाली असती शून्य! आम्ही झोपलेल्या म्हातारीला बांधले, आमचंच नुकसान करायला?"

कोणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सरळ बोलणं होतं ते. फसवणाऱ्याने स्वतःच्या मागण्यावर पाणी सोडलं असतं का? पण शेठने तेवढंच कानात घेतलं जेवढं त्याला हवं होतं. उठून उभा राहिला.

"चाचणी बाद. पुढच्या वर्षी बघू."

"फोन बाद का?" मी विचारलं.

"फोनचं काय?"

"फोन पण सातला उठलो म्हणतो. पोरांची झोप मोजून. दोन मशिनं जुळली तेव्हा खरी होती. एक खोटी ठरली तर दुसरी पण खोटी. मग उरतं काय? वही उरते. वाचून दाखवू?"

आणि मी वाचलं. पहिल्या पानापासून. "हौसा, अकरा ते अडीच. पोशी, पावणेबारा ते अडीच, पोर रडलं." माझं वाचणं तेव्हा सावकाश होतं, अक्षरावर बोट ठेवून. शेठने मोबाईल काढला. तिसऱ्या पानाला तो बाहेर निघून गेला. मी थांबले नाही. सर मान खाली घालून पंधराही दिवसांच्या नोंदी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली. मी अहवाल दुरुस्त करून लिहितो. शब्द देतो."

ते पट्टे खोक्यात भरू लागले तेव्हा बायाने विचारलं, "एक पण ठेवता नाय येत?" सरांनी तिच्याकडे पाहिलं. पट्टे मोजून द्यायचे होते त्यांना. खोकं बंद झालं.

बाहेर आलो तेव्हा पोशी पहिल्यांदा बोलली.

"उद्या मी पाचला येन," ती म्हणाली. "चालत."

बस्स. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो वाडी-वाडीत हॉर्न वाजवत फिरला आणि रिकामा गेला. पाचला आम्ही अकरा जणी शेडच्या गेटवर उभ्या. वैतीने गेट उघडलं नाही. दिवसभर बसून परत आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कोळंबीच्या गाडीतून खाली पाणी गळायला लागलं, बर्फाचं नव्हे, मालाचं, आणि वास रस्त्यापर्यंत आला. चौथ्या दिवशी टेम्पो पाचला आला. शेठ आमच्याशी एक शब्द बोलला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "चला बसा, महाराण्यांनो." आम्ही बसलो.

त्यानंतर मी पाच वर्षं त्या शेडात काम केलं. पोशीची मुलगी आता मोठी झालीय. पट्टा तिच्याही हातात असतो. "आजी, काल मी सहा तास झोपले," म्हणून सकाळी मला सांगते. मी तिला विचारते, "तुला काय वाटलं, किती झोपलीस?" ती म्हणते, "थांब, बघते."

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच.

त्या भांडणाला वर्ष झालं तेव्हा शेठच्या ऑफिसात एक गुळगुळीत पुस्तक आलं. लादी पुसायला गेले तेव्हा टेबलावर दिसलं. वर आमचाच फोटो. पत्र्याच्या सावलीत अकरा बायका, हात पुढे केलेले, मनगटावर पट्टे. छापलेल्या कागदावर स्वतःला मी पहिल्यांदाच पाहत होते. फडकं बाजूला ठेवलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. मराठीत होतं, मोठ्या अक्षरांत.

लिहिलं होतं की किनारपट्टीवरच्या अकरा कष्टकरी महिलांवर चाचणी झाली. पट्टा आणि फोन यांनी मोजलेली झोप जवळजवळ तंतोतंत जुळली. त्याखाली लिहिलं होतं की या निष्कर्षांची दखल घेऊन मालकांनी मोठ्या मनाने महिलांच्या वाहनाची वेळ दोन तास पुढे ढकलली.

मी ते पान तीनदा वाचलं. वाटलं, अजून आपल्याला नीट वाचता येत नसेल. पण अक्षरं तीच राहिली. सौमित्र सरांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी दुरुस्त करून दिलं आणि वरच्यांनी फेकलं, की दिलंच नाही, मला माहीत नाही. शब्द दिला होता एवढं माहीत आहे. गेटवरचे तीन दिवस त्यात नव्हते. पोशीची बोटं नव्हती. वही नव्हती. आणि बाया नव्हती. ती त्याच श्रावणात गेली होती. तिला न्हाऊ घातलं तेव्हा तिचे हात पुन्हा मोकळे होते, रेघा कधीच पुसल्या होत्या.

शेवटच्या पानावर 'सहभागी महिला' म्हणून अकरा नावं छापली होती. माझं नाव तिसरं. टेबलावर वैतीची पेन्सिल पडली होती. मी दाराकडे पाहिलं, मग वाकले आणि नावांच्या खाली, जमेल तेवढ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं:

झोपली एकटी बाया. बाकीच्या कामावर होत्या.